तीच गाडी कोणती?

आमचे एक स्नेही येथे चंदीगडला आमच्याच वसाहतीत राहतात आणि आमच्याप्रमाणेच केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील वारले. नाशिक जिल्ह्यातील मळा धाकट्या भावाने सांभाळावयाचा ठरले आणि वडिलांची जीप यांच्या वाट्यास आली. मुंबईत बांधलेली, उंच बॉनेटची ती पेट्रोलवरची गाडी वडिलांनी तरुणपणी सरकारी लिलावात घेतली होती. तिच्यातून द्राक्षांच्या पेट्या गेल्या, आजारी माणसे गेली, आमच्या स्नेह्यांची वरातही निघाली. पुढे ती गोठ्याशेजारी कित्येक वर्षे उभी राहिली. तथापि तिचे आर. सी. बुक मात्र वडिलांनी दर वेळी मुदतीत नवे करून घेतले होते.

जुन्या जीपा नव्याने उभ्या करण्याबद्दल हरियाणातील मंडी डबवालीचा मोठा लौकिक आहे. म्हणून स्नेह्यांनी ती मालमोटारीवर चढवून तिकडे नेली, आणि सोबतीला आम्ही गेलो. मिस्त्रीने बॉडी उचलून बाजूला ठेवली आणि चासीच्या लांब पट्टीवर हातोडीचा एक बेताचा टोला घातला. हातोडी आत गेली! पोकळीत साचलेल्या चिखलाने लोखंड आतून खाल्ले होते. बाहेरचा रंग तेवढा शाबूत होता. मिस्त्रीचा निर्णय थोडक्यात असा पडला: बॉडी डागडुजी करून ठेवता येईल, पाटे आणि अ‍ॅक्सल पाहून घेऊ, पण चासी नवीच घडवावी लागेल, आणि इंजिनाचा ब्लॉक तडकलेला असल्यामुळे त्याच्या जागी डिझेलचे इंजिन बसवणे बरे.

“मग ही बाबांची गाडी राहील का हो?” स्नेह्यांनी आम्हांस विचारले. आम्ही उत्तर देण्यापूर्वीच तेथे घुटमळणारा एक मध्यस्थ पुढे सरसावला. जुना चासी नंबर नव्या चासीवर ठोकून देण्याची व्यवस्था होईल, कागद तसेच चालतील, कोणाला काही कळणार नाही, असे त्याने सांगितले. स्नेही पुन्हा आमच्याकडे वळले. “तुम्ही नियमांतले माणूस. सांगा, काय करू?”

वाचकहो, अशा वेळी कारकून जे करतो तेच आम्ही केले. प्रकरण विचाराधीन ठेवले.

नियम आम्हांस ठाऊक नव्हता असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ उचलून धरला. इंजिनाची अदलाबदल काही अटींवर व परवानगीने नोंदवून घेण्याची वाट कायदा ठेवतो. पण चासी म्हणजे गाडीचा देह, आणि तिच्यावरचा क्रमांक म्हणजे गाडीचे नाव. तेव्हा कायद्याचे उत्तर सरळ होते. प्रश्न होता तो मनाचा. ज्या गाडीचा सांगाडा गेला आणि हृदयही गेले, ती ‘तीच’ म्हणावी काय? आणि ‘तीच’ म्हणता येत असेल, तर तिच्यावर तिचाच क्रमांक घालण्यात पाप ते कोणते?

हा प्रश्न फार जुना आहे. प्लुटार्कने थीसियसच्या चरित्रात लिहिले आहे की, अथेन्सच्या लोकांनी त्याचे तीस वल्ह्यांचे गलबत पिढ्यान् पिढ्या जपले. फळी कुजली की ती काढून नवी बसवीत, आणि तत्त्वज्ञांत वाद चाले की हे गलबत तेच की दुसरे. हॉब्जने १६५५ सालच्या आपल्या लॅटिन ग्रंथात या वादाला आणखी एक पीळ घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या व त्यांचे दुसरे गलबत जोडले, तर खरे कोणते? डबवालीच्या त्या अंगणात हा प्रश्न पुस्तकी उरला नव्हता. एका बाजूला गंजलेली चासी पडली होती, दुसऱ्या बाजूला बॉडी, आणि मधे आमचे स्नेही उभे होते.

जीपेच्या बाबतीत तर गोष्ट आणखी बिकट आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, एकाच आराखड्यावर विलिस आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. आणि एकीचा सुटा भाग दुसरीला बसावा, अशीच त्यांची घडण होती. मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी रणांगणावरच उभी करता यावी, हा तिचा गुण. ‘माझा हा भाग केवळ माझाच’ असा अभिमान या यंत्राला जन्मापासूनच नाही. मग तिच्या एखाद्या भागात तिचे ‘तीपण’ शोधणे हे मुळातच व्यर्थ नव्हे काय?

आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूने मिलिंद राजास असेच कोंडीत पकडले आहे. राजा रथातून आला होता. दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके, सांगाडा, जू? प्रत्येक वेळी राजा ‘नाही’ म्हणतो. मग रथ कोठे आहे? महाराज, आपण खोटे बोललात! राजा उत्तरतो की मी खोटे बोललो नाही. हे सारे भाग एकत्र आले म्हणजे त्यांस लोकव्यवहारात ‘रथ’ हे नाव पडते. पुढे त्याच ग्रंथात रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दृष्टांत येतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एक नव्हे. पण त्या दोन निरनिराळ्या दिव्यांच्याही नव्हेत. तोच म्हणता येत नाही, दुसराही म्हणता येत नाही.

हे वाचताना आमचे लक्ष तत्त्वज्ञानापेक्षा ‘खोटे बोललात’ या आरोपावर अडकले. भाग बदलल्याने वस्तू बदलते की नाही, यावर पंडितांनी हवा तेवढा वाद करावा. परंतु खोटे बोलणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ती गोष्ट आम्हांस चांगली ओळखीची होती.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या हातून एक नोटशीट बिघडली होती. रक्कम मांडताना चूक झाली, आणि त्या टिपणीवर वरच्यांच्या सह्या होऊन गेल्या. वरिष्ठांनी ममतेने सांगितले की पान नव्याने टंकलिखित करा, जुनी तारीख घाला, सह्या पुन्हा मिळतील. आम्ही तसे केले. पृष्ठक्रमांक तोच राहिला. नव्या पानावरची रक्कम बरोबर होती, सरकारचे एका पैशाचेही नुकसान झाले नाही, आणि आजवर आम्हांस कोणी विचारलेले नाही. तरीही त्या फाइलीचा विषय निघाला की आमचा हात नकळत शाईच्या पॅडकडे जातो. चूक तशीच ठेवून खाली ‘वरील रक्कम दुरुस्त’ असे लिहून सही केली असती, तर ती फाइल दुरुस्त झालेली पण तीच फाइल राहिली असती. आम्ही तिला निर्दोष केले आणि खोटी केले.

याच्या उलट उदाहरण पुरीचे. जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या. नवकलेवराच्या वर्षी नव्या मूर्ती घडवल्या जातात व जुन्या मंदिराच्या आवारात पुरल्या जातात. १९९६ नंतर असा योग २०१५ साली आला होता. जुन्या देहातून नव्या देहात जे ठेवले जाते ते कोणी पाहत नाही, ठेवणाऱ्या सेवकाच्या डोळ्यांवरही पट्टी असते. परंतु देह बदलला ही गोष्ट मात्र जगजाहीर असते, जुन्या देहासाठी सुतकही पाळले जाते. बदल उघड आहे म्हणूनच देव तोच आहे.

डबवालीहून परतल्यावर आठ दिवसांनी आम्ही स्नेह्यांना हे सारे सांगितले, नोटशीटसह. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “क्रमांक ठोकायचा नाही, एवढेच ना?” त्यांनी चासी नवी करवली, इंजिन बदलले. परंतु कलम ५५ प्रमाणे मूळ गाडी कायमची निकामी झाल्याचे नोंदणी कचेरीस कळवून वडिलांनी जपलेले आर. सी. बुक परत केले. त्या दिवशी ते दुसऱ्यांदा पोरके झाल्यासारखे दिसले, हे येथे नमूद केले पाहिजे. सत्याची किंमत नेहमी दुसऱ्या कोणी भरावी असे आपल्याला वाटते. येथे ती त्यांनी भरली. नवी गाडी सरकारी रस्त्यावर आणता येत नाही. ती मालमोटारीवरून परत गावी गेली आणि आता मळ्यातल्या मळ्यात फिरते.

आपण परप्रांतांत राहणारी माणसेही थोडीफार अशीच आहोत. कोणाची भाषा हिंदीने सांधलेली, कोणाच्या ताटात भाकरीच्या जागी मक्याची रोटी, कोणाची मुले आजीला पत्र लिहिताना अडखळतात. सुटे भाग बदलतच राहतात, आणि त्याबद्दल लाजण्याचे कारण नाही. गावी गेल्यावर काहीच बदलले नाही असा जुना क्रमांक मात्र आपण स्वतःवर ठोकून घेऊ नये.

गेल्या दिवाळीत स्नेह्यांच्या मातोश्री प्रथमच त्या गाडीत बसल्या. डिझेलचा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, “हा आवाज काही तिचा नाही रे.” मग चढताना त्यांचा हात सवयीने समोरच्या दांडीवर गेला. ती दांडी जुनीच होती, मधोमध झिजलेली. ती घट्ट धरून त्या म्हणाल्या, “चल. यांच्या विहिरीपर्यंत ने.”

सरकारच्या दप्तरी ती गाडी आज अस्तित्वात नाही. मातोश्रींच्या हाताखाली ती आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, आणि दोन्ही खऱ्या राहू शकल्या याचे कारण एवढेच की तिसरी, खोटी नोंद कोणी केली नाही.