इक्बाल आणि इन्साफ

महायुद्धाच्या मागोमाग क्रांती येते, हा सिद्धान्त १९१७ च्या रशियाकडे बोट दाखवून आपल्याकडे इतक्या वेळा मांडण्यात आला आहे की, तो पारखून घेण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली. वस्तुतः त्याची कसोटी पाहावयाची तर पेट्रोग्राडपर्यंत जाण्याचे कारण नाही. कृष्णा, वारणा आणि येरळा यांच्या खोऱ्यांत, त्या काळच्या अखंड सातारा जिल्ह्यात, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना जे प्रतिसरकार उभे राहिले आणि १९४६ पर्यंत टिकले, त्याचा इतिहास या कामी पुरेसा आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही लोकप्रतिनिधीस न विचारता हिंदुस्थानास युद्धात ओढले आणि त्याच्या निषेधार्थ प्रांतोप्रांतींच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, हे खरे. परंतु वाळवे किंवा तासगाव तालुक्यातील कुणब्यास युद्ध कळले ते या घटनात्मक अपमानाच्या द्वारे नव्हे, तर रॉकेलच्या रिकाम्या डब्यावरून, अंगावरच्या विरलेल्या कापडावरून आणि दिवसेंदिवस चढणाऱ्या धान्याच्या भावावरून. त्याहूनही खोल गेलेला परिणाम निराळाच होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले, आणि पलटणीत मुलगे धाडण्याची पिढीजात चाल असलेल्या या जिल्ह्यात, जेथील आपशिंगे या एकाच गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले होते, साहेबाचा पराभव होऊ शकतो ही वार्ता घरोघर पोहोचली. मूठभर गोऱ्या अंमलदारांचे राज्य बंदुकीपेक्षा हुकूम पाळला जाणारच या समजुतीवर चालते. त्या समजुतीलाच जुन्या दप्तरांत इक्बाल म्हणत, आणि महायुद्धाने प्रथम नाश केला तो तिचा.

तथापि इक्बाल ढळला आणि पोट उपाशी राहिले एवढ्याने क्रांती होत नाही. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. त्या भुकेतून राज्य उलथले नाही. त्याच प्रांतातील मेदिनीपूर जिल्ह्यात, तमलुक येथे, डिसेंबर १९४२ मध्ये समांतर सरकार स्थापन झाले ते दुष्काळाने कळस गाठण्यापूर्वी, आणि ज्या भागास सत्याग्रहाची सवय होती अशा भागात. सातारचीही पूर्वतयारी अशीच जुनी होती. सत्यशोधक जलशांनी भटशाही आणि सावकारी यांना प्रश्न विचारण्याचे धैर्य खेड्यात आणले. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९१९ पासून बहुजनांच्या मुलांना वसतिगृहांत एका पंगतीस बसविले. १९३० च्या बिळाशीच्या जंगल सत्याग्रहाने सरकारी कायदा उघडपणे मोडता येतो हे दाखविले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये राज्यघटना देऊन ग्रामपंचायतींच्या हाती कारभार सोपविला होता, आणि कुंडल हे त्या संस्थानातलेच गाव असल्याने चळवळीस आसरा व कारभाराचा वस्तुपाठ ही दोन्ही एकाच ठिकाणी लाभली. सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट ही की, या प्रतिसरकारचे अग्रणी क्रांतिसिंह नाना पाटील हे पूर्वाश्रमीचे तलाठी होते. ज्या दप्तराविरुद्ध ते उठले, त्याची आतली बाजू त्यांस अवगत होती.

ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मध्ये कराड, तासगाव, वडूज आणि इस्लामपूर येथील मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला ९ सप्टेंबर रोजी गोळीबारात नऊ माणसे पडली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात रक्त सांडले. आणि नि:शस्त्र जमावाने कचेरी ताब्यात घेण्याचा मार्ग खुंटला. पुढे भूमिगतांनी शेणोलीनजीक पगाराची गाडी लुटली, २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, १९४४ च्या एप्रिलात धुळ्याजवळ सरकारी खजिना हस्तगत झाला. पोवाड्यांत याच प्रसंगांना स्थान मिळाले. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोठे कार्य न्यायदान मंडळांचे होय. बांधाचा तंटा, सावकाराकडे अडकलेले शेत, टाकलेल्या बायकोची फिर्याद हे सर्व गावात, रयतेच्या बोलीत आणि वकिलावाचून निकालात निघू लागले. दारूचे गुत्ते बंद झाले. गांधी-विवाहांनी लग्नाचे कर्ज टळले. रयत ज्या दाराशी फिर्याद घेऊन जाते, राज्य त्या दाराचे असते. आणि या अर्थाने १९४४ साली या मुलखातील शेकडो गावांत इंग्रजांचे राज्य नावापुरतेच उरले होते.

या इन्साफाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तळपायांवर पडणाऱ्या दंडुक्यांनी त्याची अंमलबजावणी होई, पत्री सरकार हे लोकांनी दिलेले नाव त्याच दहशतीचे स्मारक आहे, आणि ज्या निकालावर अपील नाही त्यात वैयक्तिक वैर शिरण्यास वाव राहतोच. गांधीजींनी १९४४ साली भूमिगतांस प्रकट होण्यास सांगितले तेव्हा सातारच्या बहुतेक कार्यकर्त्यांनी ते मानले नाही. त्यांच्या मते उघड होणे म्हणजे गावांना पोलिसांच्या हवाली करणे होते. पुढे गांधीवधानंतर याच जिल्ह्यात ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. तो प्रतिसरकारचा निर्णय नव्हता, त्याचे विसर्जन आधीच झाले होते. तरीही ज्या मुलखाने वर्षानुवर्षे स्वतःचा बंदोबस्त स्वतः राखला, तेथे जमावास आवरणारे कोणी का उरले नाही, हा प्रश्न त्या पिढीच्या चाहत्यांनीही टाळता कामा नये.

स्वराज्यानंतर या चळवळीतील कार्यकर्त्यांच्या वाटा फुटल्या. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातून १९५७ व १९६७ साली लोकसभेत गेले. यशवंतराव चव्हाण व वसंतदादा काँग्रेसमधून मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले. नागनाथअण्णा नायकवडी आणि जी. डी. बापू लाड डाव्या विचारांशी एकनिष्ठ राहिले. आणि इतके मतभेद असूनही वसंतदादांपासून नागनाथअण्णांपर्यंत अनेकांचे नाव अखेर सहकारी साखर कारखान्याशी जोडले गेले. यात नवल नाही. माणसे जमवणे, वाटप करणे, हिशेब राखणे हे प्रतिसरकारात कमावलेले कसब तेथे उपयोगी पडले. मात्र न्यायदान मंडळास असा वारस मिळाला नाही. स्वतंत्र राज्याने इंग्रजांची कचेरी दप्तरासह ठेवून घेतली आणि गावचा कुणबी पुन्हा तालुक्याच्या कोर्टात तारखा मोजू लागला.

तेव्हा सिद्धान्त दुरुस्त करावयाचा तो असा: महायुद्ध राज्याचा इक्बाल मोडते, परंतु मोकळ्या झालेल्या जागी काय बसेल हे त्याआधीची शांततेची वर्षे ठरवितात, आणि जे बसले ते टिकेल की नाही, हे त्याच्या शौर्यावर नव्हे, तर क्रांती ओसरल्यावर इन्साफ कोणत्या दारात मिळतो यावर अवलंबून राहते. या दुसऱ्या परीक्षेत सातारचे प्रतिसरकार हरले नाही. त्याच्या नावाने सत्तेवर आलेले स्वराज्य त्या परीक्षेस बसलेच नाही.