गणित बरोबर, प्रश्न चुकीचा

आयुष्यभर मी शाळेत गणित शिकवलं. रीत बरोबर, उत्तर बरोबर, की पैकीच्या पैकी गुण. नाझी जर्मनीतल्या एका गणिताच्या पुस्तकाने माझी ही तपासणीची पद्धतच अडचणीत आणली. आडोल्फ डॉर्नर यांनी संपादित केलेल्या त्या पुस्तकात एक उदाहरण आहे: मनोरुग्णालय बांधायला 60 लाख मार्क लागले. 15,000 मार्कांचं एक, अशी किती घरं त्या पैशांत झाली असती?

उत्तर 400. चूक काढायला जागाच नाही. विष प्रश्नात आहे. रुग्ण म्हणजे कुणाच्या तरी हक्काचं घर खाणारा, हे गृहीत धरल्याशिवाय मूल भागाकाराला हातच घालू शकत नाही. शाळेबाहेरही, दहाव्या वर्षी मुलं हिटलरच्या युवा संघटनेच्या गणवेशात जात. 1939 पासून तशी सक्तीच झाली. त्याच वर्षी मनोरुग्णांना आणि अपंगांना मारण्याची सरकारी मोहीम सुरू झाली. ऑगस्ट 1941 पर्यंत 70,000 हून अधिक माणसं विषारी वायूने मारली गेली. मारणारे प्रौढ होते, त्यांत डॉक्टरही होते. मुलांना तयार केलं जात होतं ते हे ऐकून दचकू नये म्हणून.

आपण म्हणतो, खरं-खोटं मनाला आपोआप कळतं. मला ते पटत नाही. विवेकालाही दुसरा आवाज ऐकू यावा लागतो. 3 ऑगस्ट 1941 ला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी प्रवचनात उलटा प्रश्न टाकला: निरुपयोगी माणसाला मारायचं ठरलं, तर म्हातारपणी आपलं काय? त्या प्रवचनाच्या प्रती गुपचूप फिरल्या. एक हान्स शॉलपर्यंत पोचली. हा हान्स एके काळी हिटलरच्या युवा संघटनेत उत्साहाने वावरलेला मुलगा. पण घरात नाझींना उघड नावं ठेवणारे वडील होते. पुढे त्याने मित्रांसह राजवटीविरुद्ध पत्रकं काढली. 22 फेब्रुवारी 1943 ला तो, बहीण सोफी आणि मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट यांचा शिरच्छेद झाला.

दहा वर्षांच्या मुलाला मी दोषी धरणार नाही. पण दुसरा आवाज कानावर आल्यावरही जो जुनंच उत्तर गिरवतो, त्याचा दोष त्याचाच. आणि शिक्षकांनो, उत्तर तपासण्याआधी प्रश्न तपासा. मुलांनाही तो तपासू द्या.