हिशोब जुळल्यावर उरणारी बाकी

२० फेब्रुवारी १९४४, रविवार. नॉर्वेतल्या टिन सरोवरावर सकाळी पावणेअकराच्या सुमारास 'हायड्रो' नावाची फेरीबोट बुडाली. बोटीवर रेल्वेचे मालडबे होते, डब्यांत पिंपं, आणि पिंपांत जर्मनीला निघालेलं जड पाणी. आदल्या रात्री क्नुट हाउकेलिड आणि त्याच्या दोन साथीदारांनी बोटीच्या तळाशी, पुढच्या टोकाला, सुमारे साडेआठ किलो स्फोटक लावलं होतं. वेळ साधायला गजराची घड्याळं वापरली होती. अठरा माणसं मेली. त्यातले चार जर्मन. उरलेले चौदा नॉर्वेजियन, म्हणजे ज्यांच्यासाठी हा लढा चालला होता त्यांच्यातलेच.

ही गोष्ट सहसा एका वाक्यात मिटवली जाते: चौदा गेले, पण हिटलरच्या हाती अणुबॉम्ब पडला नाही, लाखो वाचले. या वाक्यातला 'पण' मला खटकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला काहीतरी लागतं. ग्रॅफाइट चालत नाही असा निष्कर्ष जर्मन शास्त्रज्ञांनी काढला होता, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त जड पाण्यावर होती. ते मोठ्या प्रमाणावर मिळण्याची जागा म्हणजे र्‍युकानजवळचा वेमोर्कचा कारखाना. तिथे खतासाठी हायड्रोजन बनवताना जड पाणी हे जोडउत्पादन म्हणून निघे.

त्यावर पहिला यशस्वी घाव बसला फेब्रुवारी १९४३ मध्ये. योआखिम रॉनेबर्गच्या नेतृत्वाखाली नऊ नॉर्वेजियन दरी ओलांडून कारखान्यात शिरले आणि सुमारे ५०० किलो जड पाणी वाहून जाईल अशी व्यवस्था केली. एकही गोळी सुटली नाही. आत सापडलेल्या म्हाताऱ्या राखणदाराचा चष्मा हरवला होता. युद्धकाळात नवा मिळणं अवघड, म्हणून वाती पेटवायच्या थांबवून त्यांनी तो शोधून दिला.

दुसरा घाव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आकाशातून आला. शंभराहून जास्त अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले. वीसेक नागरिक मेले आणि तळघरातलं बहुतेक जड पाणी सुखरूप राहिलं. मात्र त्यानंतर जर्मनांनी उरलेला साठा मायदेशी हलवायचं ठरवलं, आणि म्हणून ती फेरीबोट.

बोट बुडवायची तर प्रवासी मरणार हे स्थानिक लोकांना स्पष्ट दिसत होतं. इतकी किंमत मोजण्याजोगं हे काम आहे का, असं त्यांनी बिनतारी संदेशाने लंडनला विचारलं. उत्तर आलं: काम अत्यंत महत्त्वाचं आहे. मग त्यांनी हातात होतं तेवढं केलं. रविवारी प्रवासी सर्वात कमी असतात, म्हणून माल रविवारच्या फेरीनेच जावा यासाठी कारखान्यातल्या इंजिनिअरने खटपट केली. स्फोटाची वेळ अशी साधली की बोट खोल पाण्यावर असेल आणि काठाला लावता येणार नाही. बोटीवरच्या पहारेकऱ्याने या तिघांना गेस्टापोपासून पळणारे समजून आत घेतलं होतं. त्याला सावध करणं शक्य नव्हतं. निघताना हाउकेलिडने त्याच्याशी हात मिळवला आणि आभार मानले.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात एक चांगली शिस्त आहे: निर्णय घेताना जी माहिती होती तिच्यावरून निर्णय तपासायचा, नंतरच्या निकालावरून नाही. ती इथे लावली तर फेरी बुडवणं मला योग्यच वाटतं. जर्मनी बॉम्बच्या किती जवळ आहे हे लंडनला नक्की ठाऊक नव्हतं आणि चूक परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये हायगरलोखच्या प्रायोगिक भट्टीला जड पाणी अपुरं पडलं, पण भट्टी पेटली असती तरी तिथून बॉम्बपर्यंतचा रस्ता फार लांब होता, हे सगळं नंतरचं शहाणपण.

पण नंतरच्या या शहाणपणामुळे एक गोष्ट उघडी पडते. चौदा जणांचं मरण 'लाखो वाचले' या एका खुंटीवर टांगलं असेल, तर ती खुंटी सैल होताच काय करायचं? ते मरण फुकट गेलं म्हणायचं? की लाखांचा आकडा ताणत बसायचं? दोन्हीकडे चौदा माणसं वजाबाकीतला आकडाच राहतात.

भागाकारात भागफळाशेजारी बाकी लिहावी लागते. ती खोडली तर उत्तर सुटसुटीत दिसतं, पण गणित चुकतं. निर्णय बरोबर असला तरी ज्यांना विचारलं नाही अशा माणसांचं देणं आपल्या नावावर राहतं. लाखो वाचले म्हणून त्या चौदांच्या घरच्यांचं देणं फिटत नाही, कारण हे दोन वेगळे धनको आहेत. महाभारताला हे ठाऊक होतं. द्रोण हटले नसते तर युद्ध हरलं असतं, तरीही अश्वत्थाम्याबद्दलच्या त्या अर्धसत्यानंतर धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकलाच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आधी मारायचं आणि मग हळहळायचं, याचा मेलेल्यांना काय उपयोग? नुसती हळहळ असेल तर काहीच नाही. पण मला वाटतं, बाकीची खरी जागा कृत्याच्या आधी आहे. लाखांपुढे चौदा म्हणजे काहीच नाही असं ज्याचं गणित आहे, त्याला रविवार शोधायचं कारण काय? सोमवारीही बेरीज नफ्याचीच आली असती. देणं उरणार आहे हे ज्याला आधीच कळतं, तो ते कमी करायला धडपडतो. विमानातून न दिसणारी माणसं र्‍युकानच्या लोकांच्या ओळखीची होती, म्हणून त्यांना तो रविवार सुचला.

आज असे निर्णय अधिकाधिक दुरून, पडद्यावरच्या आकड्यांवरून घेतले जातात, आणि ते पडदे माझ्यासारखे लोक बनवतात. आकडा दाखवू नये असं मी म्हणत नाही, त्याच्याशिवाय निर्णयच होणार नाही. पण 'यात रविवार कोणता?' हे विचारणारा कुणीतरी त्या खोलीत असायला हवा, आणि त्याच्याकडे उशीर करण्याचा अधिकार हवा.