घरातील साण आणि छताचा कठडा

वचन : अनुवाद २२:८

मोशेच्या नियमशास्त्रात मोठमोठ्या आज्ञांच्या गर्दीत एक लहानशी आज्ञा आहे, आणि वाचणारे पुष्कळदा तिच्यावरून तसेच पुढे निघून जातात. जो नवे घर बांधील त्याने आपल्या छताला कठडा करावा. न केल्यास आणि कोणी वरून पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशातील छते आपल्या नगरी मुलखातल्या माळवदांसारखीच सपाट असत. तेथे धान्य वाळत घालीत, उन्हाळ्यात मुलेबाळे निजत, शेजारीपाजारी येऊन बसत. म्हणून आज्ञा अगदी घरगुती आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पडणाराने सांभाळून चालावे, असे ती म्हणत नाही. बांधणाराने आधी कठडा करावा, असे म्हणते. आणि तोही कोणी पडण्यापूर्वी, घर नवे असतानाच.

ह्या वचनाची आठवण होण्यास कारण घडले ते असे. सावेडी हे एके काळी नगराबाहेरचे खेडे होते; आता ते अहिल्यानगर शहराचे उपनगर झाले आहे, आणि नागापूरची औद्योगिक वसाहत जवळच असल्यामुळे तेथील घरोघर यंत्रे जाणणारी मंडळी आहेत. अशाच एका घरातील तरुण बंधूने धंदा सोडून बसलेल्या एका कारागिराकडून दगड कापण्याचे, घासण्याचे व जिल्हई देण्याचे यंत्र जुन्या भावात घेतले. अकीकाचे मणी व अंगठीचे खडे करून विकावे, पाळी संपल्यावर घरीच काम करावे, असा त्याचा बेत. मागल्या पडवीत यंत्र मांडले, आणि पाळकाने येऊन त्यावर प्रार्थना करावी म्हणून निरोप आला. मी गेलो. यंत्र चांगले दणकट होते. पडवीला एक दार, ते स्वयंपाकघरात उघडणारे. आणि खिडकीपाशी त्याच्या आईची खाट. प्रार्थनेपूर्वी मी विचारले, "बाळा, ह्या चाकावर पाणी कोठून पडते?" तो म्हणाला, "पाळकसाहेब, नळी होती म्हणतात, पण यंत्राबरोबर आली नाही."

त्याच्या ह्या उत्तरावर मला आज बोलावयाचे आहे. तरी प्रथम हे सांगितले पाहिजे की ह्या कामात हलके असे काही नाही. निर्गमाच्या २८ व्या अध्यायात महायाजकाच्या ऊरपटावर बारा रत्ने चार ओळींत बसविलेली आहेत, आणि प्रत्येकावर इस्राएलाच्या एकेका वंशाचे नाव कोरलेले आहे. ही रत्ने कोणीतरी कारागिराने घासून सारखी केली असतील ना? ३१ व्या अध्यायात बसालेलाविषयी सांगताना, जडावाचे खडे पाडण्याचे कसबही देवाच्या आत्म्याने दिलेल्या बुद्धीत मोजले आहे. हातकामाला कमी लेखणाऱ्या आपल्या सुशिक्षित मुलांनी तो अध्याय एकदा सावकाश वाचावा.

आपल्या मुलखालाही हे कसब परके नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, आणि त्यांतील पोकळ्यांमध्ये पुढे गारगोट्या, अकीक व नाना प्रकारचे स्फटिक भरत गेले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग उडाल्यावर जे चकचकीत खडे आपली मुले गोळा करून आणतात, ते हेच. नेवाशास १९५४ पासून डॉ. ह. धी. सांकळिया ह्यांनी डेक्कन कॉलेजाच्या वतीने उत्खनन केले, तेव्हा गारेच्या जातीच्या दगडाची लहान लहान पाती तेथे सापडली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी गोदावरी-प्रवरेच्या काठचे लोक हा दगड हाताळीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक व्यापारी ग्रंथात, पैठणाहून सुलेमानी दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जात असल्याची नोंद आहे. पैठण आपल्या शेवगावाच्या शेजारचेच. (येथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. आपल्याकडचे पांढरे, हिरवट, पिसासारखे दिसणारे मऊ स्फटिक घासण्यासाठी नाहीत. ते झिओलाइटाच्या जातीचे व त्यांच्या सोबत्यांचे. सुरीच्या टोकाने ओरखडा पडेल इतके मऊ. ते जसेच्या तसे ठेवल्यासच त्यांना मोल येते. पाहावयाचे असल्यास सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन पाहावे. साणेवर धरून त्यांचा चुरा करू नये.)

आता धुळीकडे येऊ. अकीक म्हणजे जवळजवळ सर्वच सिलिका. तो कोरडा घासला की त्याचा जो भुगा उडतो, त्यातील डोळ्यांना दिसणारे कण फारसे वाईट नव्हेत. ते नाकात अडकतात, शिंकेबरोबर बाहेर पडतात. वाईट कण ते, जे दिसतच नाहीत. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असलेले हे कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तेथून परत येत नाहीत. शरीर त्यांच्याभोवती गाठी बांधते, त्या गाठी घट्ट होतात, आणि वर्षांमागून वर्षे फुप्फुस दगडासारखे कठीण होत जाते. ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. झालेला सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. शिवाय अशा छातीत क्षयाचे जंतू सहज घर करतात.

हे कोठे दूरदेशीचे सांगणे नव्हे. गुजराथेतील खंबायत येथे अकीकाचा धंदा शतकानुशतके चालत आला आहे. रतनपूरच्या खाणींतील दगड तेथे येतो, भट्टीत तापविल्यावर तांबडा होतो, मग कुरुंदाच्या चाकावर घासतात. आणि पुष्कळांनी ही चाके आपल्या घरातच मांडलेली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तेथील लोकांच्या छातीची तपासणी केली, तेव्हा घासणाऱ्यांमध्ये तर रोग आढळलाच. परंतु ज्यांनी चाकाला कधी हात लावला नाही, केवळ त्याच घरात किंवा शेजारी राहिले, अशांच्या छातीतही तो आढळला. प्रियजनहो, कठड्याची आज्ञा येथे किती नेमकी लागू पडते, पाहा. छतावर चढणारा एक, आणि पडणारा दुसराच. आपल्या बंधूच्या आईची खाट मी खिडकीपाशी पाहिली, ती मला ह्याच कारणाने सलली.

कोणी म्हणेल, पाळकांनी यंत्राच्या गोष्टी कशाला कराव्या? पण मोशे तर गवंड्यालाच सांगत होता. आणि जुन्या यंत्राविषयी एक गोष्ट अनुभवी मिस्त्री सांगतात ती खरी आहे : जुने यंत्र बहुधा कठडा काढलेल्या स्थितीतच हाती येते. मोटार विकली जाते, चाक विकले जाते, शाफ्ट विकला जातो. चाकावरचे लोखंडी आच्छादन, पट्ट्यावरची जाळी, पाण्याची नळी आणि खालची तसराळी, ही मात्र कोठेतरी हरवलेली असतात. कारण त्यांच्यावाचूनही यंत्र फिरते. घेणारा दहा ठिकाणी भाव करतो, पण ह्या चार वस्तूंविषयी विचारीत नाही. लूकाच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाराने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभु सांगतो. त्या हिशेबात ह्या चार वस्तूंची किंमत धरावी. ती धरून यंत्र परवडत नसेल, तर ते परवडतच नाही.

पाणी सर्वांत आधी. चाक फिरत असताना त्यावर आणि दगडावर पाणी सतत पडत राहिले पाहिजे. उंचावर टांगलेला तोटीचा डबाही चालेल. परंतु काम थांबताच पाणी बंद करावे व चाक थोडा वेळ कोरडे फिरू द्यावे. साणेचे चाक पाण्यात उभे राहिले तर त्याची खालची बाजू पाणी पिऊन जड होते, आणि दुसऱ्या दिवशी फिरवताच ते एका अंगास झोक खाऊन फुटू शकते. जुने चाक बसविण्यापूर्वी ते बोटावर लटकावून लाकडी मुठीने हळूच वाजवून पाहावे. धड चाक खणखणते. तडा गेलेले भद्द वाजते, मग त्यावर डोळ्यांना रेघ दिसो वा न दिसो. ते टाकूनच द्यावे.

फेऱ्यांचा हिशेबही ह्याच जातीचा. आपल्याकडील साधी मोटार मिनिटास सुमारे १,४४० फेरे घेते. तिच्यावर ४ इंचांची पुली आणि चाकाच्या शाफ्टवर २ इंचांची पुली असली, की चाक २,८८० फेरे घेते. त्या चाकावर निर्मात्याने २,५०० ची मर्यादा छापली असेल, तर ते चाक फुटण्याची वाट पाहत आहे असे समजावे. पूर्वीच्या मालकाने कोणत्या कामासाठी कोणती पुली बसविली होती, हे तुम्हांस ठाऊक नसते. म्हणून पुल्या स्वतः मोजाव्या. ओल्या जागी वीज चालणार, म्हणून भूमितार नीट जोडलेली असावी आणि गळती होताच प्रवाह तोडणारे खटके बसवून घ्यावे. हे काम वायरमनाकडून करून घ्यावे. भावकीतल्या हौशी मुलाकडून नको.

पाण्याने धूळ बसते, पण नाहीशी होत नाही. तसराळीत जो पांढरा चिखल साठतो तो वाळला की पुन्हा तीच धूळ. म्हणून ओला असतानाच तो डब्यात भरावा. मोरीत सोडल्यास तो तेथे घट्ट बसून मोरी तुंबते. जमीन केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे तेथेच उतरवून पाण्यात टाकावे, आणि ते अंगावर असताना लेकरास उचलून घेऊ नये. तोंडाला उपरणे बांधून भागते असे समजणारे पुष्कळ आहेत. उपरण्यातून हे कण वाऱ्यासारखे जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण अडविणारा मुखपट्टा हवा, आणि तोही पाण्याच्या जोडीला.

इतके करावयाचे तर कामाचा वेग कमी होतो, माल थोडा निघतो, ही तक्रार जुनीच आहे. इंग्लंडात शेफील्ड गावी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुऱ्याकाटे दगडी साणेवर घासणारे कामगार होते. तेथील डॉक्टर नाइट ह्यांनी नोंद केली की जे काटे कोरडे घासीत ते २८ ते ३२ वर्षांच्या आत मरत, आणि जे सुऱ्या ओल्या घाशीत ते ४० ते ५० पर्यंत जगत. फरक पाण्याचा. पुढे धूळ अडविण्याची साधने निघाली, तेव्हा काही घासणाऱ्यांनी स्वतःच ती मोडून टाकली! का, तर धंदा निर्धोक झाला की पुष्कळ लोक त्यात शिरतील आणि मजुरी उतरेल. गरीब माणसाला आपला श्वासही मजुरीच्या तराजूत घालावा लागतो, ही त्यातली खरी दुःखाची गोष्ट. आणि त्यांस मूर्ख म्हणण्यापूर्वी मालाला योग्य भाव न देणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनी थोडे थांबावे.

आणखी एक स्थळ मला सुचते. १ राजे ६:७ मध्ये लिहिले आहे की शलमोनाने मंदिर बांधविले तेव्हा दगड खाणीवरच घडून तयार केले होते, आणि बांधकामाच्या जागी हातोड्याचा आवाज ऐकू आला नाही. मंदिराला जर ही शांतता, तर जेथे म्हातारी माणसे निजतात, लेकरे अभ्यास करतात त्या घराला का नसावी? यंत्र घरीच मांडावे लागत असेल तर राहत्या खोल्यांना लागून नसावे. अंगणाच्या कडेला, शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड नसलेली, दोन बाजूंनी उघडी छपरी बरी. मी त्या बंधूस हेच सांगितले. तो थोडा हिरमुसला, कारण छपरीला पत्रे लागणार, आणि यंत्रासाठी काढलेले कर्ज डोक्यावर होतेच. कर्जाचा विषय निघाला म्हणून सांगतो : अनुवाद २४:६ मध्ये जाते गहाण घेण्याची मनाई आहे, कारण ते घेणे म्हणजे त्या माणसाचे पोटच गहाण घेणे. आपल्यातील ज्यांनी त्याला उसने दिले, त्यांनी हप्ता चुकताच यंत्र उचलून नेण्याची भाषा करू नये. उलट पत्र्यांसाठी चार महिने दम धरावा. त्यांनी तो धरला, हे लिहिण्यास मला आनंद वाटतो, आणि प्रार्थना छपरीत झाली.

जिल्हईविषयी थोडे. दगड आधी खडबडीत चाकावर घासतात, मग बारीक, मग त्याहून बारीक कणीवर. शेवटी नमद्यावर सेरियमाची पूड पाण्यात कालवून फिरवितात, तेव्हा तो आरशासारखा होतो. प्रत्येक पायरीला दगड, हात, नखे, तसराळी धुवावी लागतात. पहिल्या पायरीचा एक कण शेवटच्या नमद्यात शिरला, तर तो प्रत्येक खड्यावर रेघ ओढीत राहतो आणि कारागिराला कारण सापडत नाही. ह्यावर दृष्टान्त करणे सोपे आहे. तो तुमचा तुम्ही करा. मला येथे एवढेच दिसते की जो हात धुण्याची सवय लावून घेतो त्याचा माल चांगला निघतो, आणि तीच सवय त्याची छातीही राखते.

शेवटी उपदेशकबंधूंस एक विनंती. तुम्ही खेडोपाडी घरभेटीस जाता. खडी फोडणारे, पाटेवरवंटे टाकणारे, फरशी कापणारे, साणेवर बसणारे असे लोक तुम्हांस भेटतात. त्यांपैकी कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, चढण चढताना दम लागत असेल, तर नुसती प्रार्थना करून उठू नका. त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. क्षयाची तपासणी तेथे फुकट होते. आणि डॉक्टरांसमोर त्याचा धंदा कोणता, किती वर्षांपासून, कोरडे घासतो की ओले, हे त्याच्या वतीने स्वच्छ सांगा. छातीच्या चित्रात सिलिकोसिसच्या गाठी कधी कधी क्षयासारख्या दिसतात. रोगी लाजून धंदा सांगत नाही, आणि डॉक्टर घाईत विचारीत नाही. मग औषधावर औषध चालते आणि माणूस बरा वाटेल तसा पुन्हा त्याच चाकावर जाऊन बसतो.