विहिरीवरील दगड

(वाचावयाचा भाग: उत्पत्ति २९:१–१०)



याकोब घर सोडून हारानाकडे चालला असतां त्यास रानांत एक विहीर दिसली. तिच्या तोंडावर मोठा दगड होता व सभोंवतीं मेंढरांचे तीन कळप बसले होते. दिवस पुष्कळ उरला असतां मेंढरांस पाणी पाजून चारावयास कां नेत नाहीं, असें त्यानें मेंढपाळांस विचारलें. सर्व कळप जमल्यावांचून दगड लोटतां येत नाहीं, असें त्यांनीं उत्तर दिलें.

कोरड्या देशांत राहणाऱ्या त्या लोकांस एक गोष्ट पुरती उमगली होती. पहिल्यानें येणारा मनसोक्त उपसूं लागला, तर शेवटीं येणाऱ्याच्या वांट्यास चिखलच उरतो. आमच्या गांवांतही उन्हाळा लागला कीं हेंच दिसतें. ज्याची मोटार मोठी त्याचें शेत हिरवें. शेजारच्या विधवेची घागर मात्र रिती. तर पाण्याची वांटणी कशी ठरवावी, ह्याविषयीं आम्ही तीन गोष्टींचें मनन करूं.

पहिली गोष्ट, सर्व जमल्यावांचून निर्णय करूं नये. मिद्यान देशीं याजकाच्या मुलींनीं पाणी काढून कुंड्या भरल्या, आणि दांडग्या मेंढपाळांनीं त्यांस हुसकून लावलें. तेव्हां मोशे उठून त्यांच्या साहाय्यास धांवला. ज्या बैठकींत दुर्बळास जागा नाहीं, तेथें त्याचा वांटा आधींच बुडालेला असतो. डोक्यावर हंडे वाहणाऱ्या आमच्या मायबहिणींस त्या बैठकीस कोण बोलावितो?

दुसरी गोष्ट, खाणारीं तोंडें मोजावीं, एकर मोजूं नयेत. रानांत मान्ना मिळाला, तोही तंबूंतील माणसें मोजून माणशीं एक ओमर. पुणें जिल्ह्यांत पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे ह्यांनीं काम आरंभिलें व त्यांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा कीं, दर माणशीं अर्धा एकर, आणि कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल इतकेंच पाणी मिळावें. ज्यास जमीन नाहीं त्यासही हक्क असावा. ऊंस लावूं नये. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिजबरोबर जाऊं नये.

तिसरी गोष्ट, तूट सर्वांनीं मिळून सोसावी. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर शेंकडों वर्षें फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून एका फडांत एकच पीक घेत. पाणी कमी असे त्या वर्षीं कोणता फड भिजवावा व कोणता कोरडा ठेवावा, हें सर्व मिळून आधीं ठरवीत. ज्याचें शेत निरनिराळ्या फडांत असे, त्याचें कांहीं भिजे व कांहीं कोरडें राही. एकच घर बुडत नसे.

बंधूंनो, आम्हांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस गांवच्या पाणवठ्यास हात लावण्याची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉक्टर आंबेडकर व त्यांचे सोबती ह्यांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, तें माणसाचा हाच हक्क प्रस्थापित करावयास. ज्यांस विहिरीवरून हाकलून दिलें, त्यांच्याच नातवांनीं आज आपल्या कूपनलिकेस कुलूप घालून शेजाऱ्यास हाकलावें काय?

म्हणून आमची उपदेशक बंधूंस विनंति आहे कीं, फाल्गुन सरण्यापूर्वीं त्यांनीं सर्वांस विहिरीपाशीं जमवावें. दोरी सोडून पाणी मोजावें. घरें, माणसें व गुरें लिहून काढावीं. प्रथम पिण्यास, मग गुरांस, आणि उरेल तें पिकांस, असा क्रम ठरवून तो सर्वांपुढें मोठ्यानें वाचावा. मंडळीचा कोण व बाहेरचा कोण, हें विचारूं नये. तहान सर्वांस सारखीच लागते.

थंड पाण्याच्या एका प्याल्याचाही प्रभूस विसर पडत नाहीं. तर मग अख्ख्या विहिरीचा हिशेब तो आम्हांजवळ मागणार नाहीं काय? आमेन.