पहिला गुरू : पृथ्वी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत पहिली पृथ्वी. भागवताच्या अकराव्या स्कंधातला हा भाग आपण दत्तभक्त नेहमी ऐकतो आणि अर्थ काढतो, ‘सहन करा’. मला हा अर्थ अपुरा वाटतो. का, ते सांगतो.

१९८४ साली माझी बदली एका तालुक्याच्या गावी झाली. खोली बघायला गेलो. भाडं ठरलं, चहा झाला. मग मालकांनी विचारलं, “आडनाव काय म्हणालात?” सांगितलं. “अरेरे, ती खोली भाच्याला कबूल केलीय हो!” ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी मात्र पुढं महिनाभर तशीच होती.

त्या संध्याकाळी दत्ताच्या देवळात औदुंबराखाली जपाला बसलो. माळेचे मणी पुढं सरकत होते, मन त्या उंबऱ्यावर अडकलेलं. दात आवळलेले, श्वास अपुरा. मग नुसतं बघत राहिलो. हा राग. ही लाज. लाज दिसली तेव्हा दचकलो. राग ठीक, पण लाज मला कशाची? भेद तर त्यांनी केला! त्यांच्या नावे पडायची रक्कम मी माझ्या खात्याला नावे टाकत होतो. बँकेत खोडाखोड चालत नाही, उलट नोंद करतात. ती तिथंच केली. राग लगेच गेला नाही, पण झोप लागली.

याला हल्ली माइंडफुलनेस म्हणतात, आपण साक्षीभाव म्हणतो. त्यानं अपमान टळत नाही; तो खरा मानणं टळतं.

पण साक्षीभाव म्हणजे गप्प बसणं नव्हे. तुडवली गेली तरी पृथ्वी आपल्या मार्गावरून ढळत नाही, हे तिचं व्रत. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेही मार्ग न सोडणंच. सोसणाऱ्याला ‘मन शांत ठेव’ सांगायचं आणि उंबरा तसाच ठेवायचा, हा दुसरा अन्याय.

वर्षभरानं तेच मालक माझ्या कॅश काउंटरवर आले. “साहेब, जरा लवकर.” म्हटलं, “काका, टोकन नंबरानं या.” नंबर आल्यावर नोटा मोजून दिल्या, सगळ्यांना देतो तशाच. हात थरथरला नाही.

यंदा जयंतीच्या महाप्रसादाला पंगतीत शेजारी कोणी नवखा बसला, तर आडनाव विचारायच्या आधी क्षणभर आपणही आपल्या मनाकडे बघावं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!