‘येसू’ म्हणणारी माझी आजी

आजचं वचन : मत्तय १:२१



गेल्या आठवड्यात आमच्या युथच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ‘येशू’ हे खरं नावच नाही, मूळ हिब्रू नाव घेतलं नाही तर प्रार्थना पोहोचतच नाही, असं त्यात होतं.

वाचलं आणि आजी आठवली. श्रीरामपूरजवळच्या वस्तीवर तिचं आयुष्य उसात आणि खुरपणीत गेलं. शाळा माहीत नाही. जिभेला ‘श’ जमायचा नाही, ती ‘येसू’ म्हणायची. शेवटच्या आजारपणात आम्हा सगळ्यांची नावं विसरली, तेवढं एकच राहिलं. मग तिची हाक वायाच गेली का?

म्हणून वचन उघडून बसलो.

गणना १३:१६ मध्ये मोशे नूनाच्या मुलाचं, होशेयचं, नाव बदलून यहोशवा ठेवतो. होशेय म्हणजे तारण. त्याला देवाचं नाव जोडलं की अर्थ होतो, ‘यहोवा तारतो’. बाबेलच्या बंदिवासानंतर हेच नाव आखूड होऊन ‘येशूआ’ झालेलं दिसतं. नहेम्या ८:१७ च्या हिब्रूत त्याच यहोशवाला तसं म्हटलंय. आणि हे नाव तेव्हा अगदी साधं, घरोघरचं होतं. कलस्सै ४:११ मध्ये पौलाचा एक सोबतीही येशूच आहे! देवाचा पुत्र आला तो गल्लीतल्या चार पोरांचं असतं तसं नाव घेऊन.

पुढे शुभवर्तमानं ग्रीकमध्ये लिहिली गेली. ग्रीकमध्ये ‘श’ नाही आणि पुरुषाच्या नावाला शेवटी ‘स’ लागतो. झालं ‘ईसूस’. इंग्रजीतला ‘ज’ तर फारच नंतरचा. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये हे नाव ‘आय’ अक्षराने छापलंय. फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणात आणि गोव्यात आजही ‘जेजू’, केरळच्या सुरियानी ख्रिस्ती घरांत ‘ईशो’, आणि आपला ‘येशू’.

आता विचार करा. अक्षर चुकल्यामुळे प्रार्थना अडत असेल, तर मत्तय आणि पौलसुद्धा चुकले म्हणायचे! पवित्र आत्म्याने त्यांना ‘श’ नसलेल्या भाषेत लिहू दिलं. म्हणजे आजीला जे जमत नव्हतं, ते त्या ग्रीकलाही जमत नव्हतं.

उलट प्रेषितांची कृत्ये १९:१३-१६ वाचा. स्किवाच्या सात मुलांनी नाव अगदी बरोबर घेतलं, पण मंत्रासारखं. ओळख काहीच नव्हती. दुरात्म्याने त्यांना जुमानलं नाही, जखमी होऊन उघडेच पळाले.

मी दिवसभर कोडमध्ये असतो. तिथे पासवर्डचं एक अक्षर चुकलं की दार बंद. पण माझी दोन वर्षांची मुलगी मला ‘पप्पा’ऐवजी ‘पाप्पू’ म्हणते, तेव्हा मी स्पेलिंग तपासत नाही, उठून जातो. बाप असाच असतो ना?

खरं सांगू? या अभ्यासात पकडला गेलो तो मीच. मला हे नाव आता चार भाषांत सांगता येतं. पण ऑफिसात चहा पिताना कुणी विचारलं, “तुम्ही नेमकं कुणाला मानता?” की मी ‘नाताळ वगैरे करतो’ म्हणून विषय बदलतो. आजीने नाव चुकवलं, पण लपवलं कधीच नाही. शेतात, एसटीत, दवाखान्यात, सगळीकडे घेतलं. मी अचूक घेतो आणि दडवतो.

मत्तय १:२१ मध्ये देवदूत योसेफाला नाव सांगतो आणि लगेच कारणही सांगतो : तो आपल्या लोकांना पापांपासून तारणार आहे. माझं गप्प राहण्याचं पापही त्यात आलं.

आज एक करा. त्याचं नाव एकदा मोठ्याने घ्या, जिथे एरवी घेत नाही तिथे.

प्रार्थना : प्रभू येशू, तुझ्या नावाचा अर्थ माझ्या डोक्यातून ओठांवर येऊ दे. आजीसारखं धाडस मलाही दे. आमेन.